दिवाळीच्या सुट्टीतली प्रेमकथा, बडोद्याच्या पुस्तकांच्या दुकानात: कशी लिहावी

बेस्तु वरसाच्या, म्हणजे गुजराती नववर्षाच्या, सकाळी बडोद्याच्या जुन्या बाजारातून चालत गेलात तर शटरं खाली असतात, कुलपांवर झेंडूच्या माळा आणि उंबऱ्याशी रात्रीच्या पणत्या तेल संपून काळ्या पडलेल्या. यातली बरीच दुकानं थेट लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला, उघडतात. आता असं समजा, की त्या रांगेत पुस्तकांचं एक दुकान आहे. बाहेरून बंद, पण आत दोन माणसं साठा मोजत बसली आहेत, आणि लाभपाचम झाली की त्यांतल्या एकाला परत जायचं आहे. सुट्टीतल्या प्रेमकथेसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

माझी या प्रकारातली पहिली कथा एका संपादकांनी परत पाठवली होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की ही दोघं होळीला किंवा श्रावणात भेटली असती तरी कथेतली एक ओळ बदलली नसती. त्यांचं बरोबर होतं. दिवाळी मी आकाशकंदील आणि फराळापुरती आणली होती, दुकान कपाटांपुरतं. तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: सण किंवा दुकान काढून घेतलं तर प्रेम जमूच नये. खालची सगळी पद्धत त्या कसोटीतून आली आहे. उदाहरणासाठी एक कथा हाताशी धरू या, सुमारे १८,००० शब्दांची, म्हणजे दिवाळी अंकात लघुकादंबरी म्हणून बसेल अशी.

आधी पंचांग

कथानक सुचण्याआधी एक वर्ष ठरवा आणि त्या वर्षाचं पंचांग समोर ठेवा. ‘दिवाळीचे दिवस होते’ असं लिहून भागत नाही, कारण बडोद्यात दोन दिवाळ्या शेजारी शेजारी चालतात आणि त्या दर वर्षी सारख्या जुळत नाहीत.

२०२५ घ्या. पुष्य नक्षत्र १४ ऑक्टोबरला लागलं. गुजरातेत व्यापारी नवे चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या, याच मुहूर्तावर घेतात. १७ ला वसुबारस, १८ ला धनत्रयोदशी. अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली होती, त्यामुळे गुजरातेत बहुतेकांची दिवाळी २० ला झाली आणि बेस्तु वरस २२ ला. मधला २१ तारखेचा दिवस ‘पडतर’ राहिला. जुनं वर्ष संपलेलं, नवं अजून लागलेलं नाही. महाराष्ट्रातल्या पंचांगांत मात्र लक्ष्मीपूजन २१ लाच होतं. मग २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज, २६ ला लाभपाचम.

मराठी पंचांग पाळणारं बडोद्यातलं एक घर यात बसवून बघा. घरात लक्ष्मीपूजनाची घाई, गल्लीत कुणाला काही कामच नाही. शेजारचा गुजराती माणूस त्या दिवशी मोकळा आहे, आणि मराठी घराला एक जास्तीचा हात हवा आहे. दोघांना पाच-सहा तास एका छताखाली आणायला लेखकाला काहीही ओढूनताणून करावं लागत नाही. पडतर दिवस दर वर्षी येत नाही, म्हणून वर्ष निवडून लिहा. २०२४ मध्येही तो आला होता, १ नोव्हेंबरला.

एका मोठ्या कागदावर १४ ते २६ अशा तेरा ओळी आखा. प्रत्येक ओळीत तिथी, त्या दिवशी दुकानात असणारं काम, आणि दोघांमधलं अंतर किती कमी-जास्त झालं ते. पहिले दोन रकाने पूर्ण भरेपर्यंत तिसऱ्याला हात लावू नका. मन तिसऱ्याकडे धाव घेतं, पण कथा पहिल्या दोनांतून उगवते.

दुकान चालतं कसं ते शिका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. पुस्तकांच्या दुकानातल्या प्रेमकथा बहुतेक वेळा वाचकाच्या बाजूने लिहिलेल्या असतात: जुन्या कागदाचा वास, खिडकीतून येणारी तिरीप, एकाच पुस्तकाकडे गेलेले दोन हात. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं की दुसरीच खोली दिसते. पुस्तक विकणाऱ्याचं उत्पन्न म्हणजे छापील किमतीवर प्रकाशकाकडून मिळणारी सूट. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण कंबर मोडेल इतकं वजन आहे. बडोद्यातलं मराठी पुस्तकांचं दुकान निव्वळ कादंबऱ्यांवर चालताना दाखवलंत तर वाचक विश्वास ठेवणार नाही. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं आणि वह्या, पुष्य नक्षत्राला लाल कापडी बांधणीचे चोपडे, त्यानंतर दिवाळी अंक आणि कॅलेंडरं, अशी त्याच्या वर्षाची चढउतार हवी.

मुळात इथे मराठी पुस्तकांचा एवढा साठा का, हेही माहीत हवं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. श्री सयाजी साहित्यमालेतून मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत ग्रंथ काढले. रियासतकार सरदेसाईंची उमेदीची वर्षं याच दरबारच्या नोकरीत गेली. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन १८९४ मध्ये बडोद्यातच जन्मले. यातलं काहीही पात्राच्या तोंडी व्याख्यानासारखं घालू नका. आपल्या नायिकेची आत्या हे दुकान चालवते; तिच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात संस्थानी काळातलं एखादं पुस्तक निघू द्या, आत शाईने लिहिलेलं ‘चि. सौ. हिस सप्रेम भेट’, आणि नावावर पाण्याचा डाग. इतिहास तेवढ्यातून आत येतो.

आता हातांची कामं गोळा करा. प्रेमकथेत माणसं एकमेकांकडे बघत बसली की वाचक कंटाळतो. ती एकत्र काम करत असली की तो पुढे सरकून बसतो. मी वापरलेली काही कामं सांगते.

पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या मोठ्या भागात शिरलं होतं. आपल्या दुकानाचं गोडाऊन नदीजवळच्या सखल वस्तीत ठेवा. वर्षभर कुणी न उघडलेले खोके दोघं उघडतात. साध्या कागदाचं पुस्तक भिजून वाळलं तर फुगतं, लाटा येतात, पण वाचता येतं. गुळगुळीत आर्ट पेपर मात्र एकमेकांना चिकटून वीट होतो. कुठलं पुस्तक वाचेल आणि कुठलं रद्दीत जाईल हे दोघांना एकेक करून ठरवावं लागतं. माणूस काय टाकतो आणि काय टाकायला त्याचा हात धजत नाही, यातून त्याचा स्वभाव दोन पानांत उभा राहतो.

कसर आणि वाळवी. कपाटात ठेवलेलं वेखंड, कडुनिंबाचा पाला, दर दिवाळीला पुस्तकं काढून झटकणं. नाकाला लागलेली धूळ दुसऱ्याने पुसावी असा प्रसंग मात्र टाळा, तो फार वापरून झाला आहे.

जांगड. पटलं तर ठेवा, नाही तर परत करा, या बोलीवर दिलेला माल. शब्द मराठीतही आहे आणि गुजराती बाजारातही. शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकं जांगड दिली, त्यातली किती परत आली, किती राहिली, हे वहीत असतं. हा शब्द सुरुवातीलाच रोजच्या कामात आणून ठेवा. तो शेवटी लागणार आहे.

माणसं

आपली नायिका मृणाल, वय ३८, ठाण्यात सीए, घटस्फोट होऊन सहा वर्षं झालेली. आत्या ७१ वर्षांची, अविवाहित, चाळीस वर्षं दुकान एकटीने चालवलेली, आता गुडघ्यांनी थकलेली. मृणालला तिने बोलावलंय ते हिशेब मिटवायला. निशिथ ४१ वर्षांचा, चोपडे बांधणाऱ्यांच्या घरातला. त्याचे वडील या दुकानाला माल द्यायचे. दांडिया बाजारात वाढल्यामुळे मराठी अस्खलित बोलतो, पण लिहीत नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली आहेत.

वय मुद्दाम वाढवलं आहे. विशीतल्यांच्या सुट्टीला शेवट असतो, पण त्याने फारसं काही तुटत नाही. चाळिशीच्या आसपास परतीच्या तिकिटामागे नोकरी, कर्ज आणि रोज सकाळी एकटीने घेतलेल्या चहाची सवय असते.

आता त्यांना एकमेकांची खरी गरज लावून द्या. दुकानाच्या जुन्या मुनीमजींनी उधारीची खाती गुजरातीत लिहून ठेवली आहेत. मृणालला गुजराती वाचता येत नाही, आत्याचे डोळे आता साथ देत नाहीत. निशिथ वाचतो, मृणाल लॅपटॉपवर उतरवते. नाव, तारीख, पुस्तक, बाकी. मग मधेच एका ओळीवर आडवी रेघ, पुन्हा एकीवर, आणि पुढे आणखी. आत्याने कुणाकुणाची पुस्तकांची बाकी गुपचूप मोडीत काढली होती, ते या दोघांना एकाच वेळी कळतं. दोघं आधी आत्याच्या प्रेमात पडतात, तिच्याबद्दल बोलता बोलता एकमेकांच्या. बंद दुकानात हिशेब वाचण्याचा हा प्रसंग मी पडतर दिवसासाठी राखून ठेवीन आणि त्याला तीन हजार शब्द देईन. बाकीची प्रकरणं हजार-बाराशेत उरकली तरी चालतील.

दुकान पाडून मॉल बांधणारा बिल्डर आणू नका. बाहेरचा दुष्ट माणूस आला की दोघांना आपापसांतलं काही सोडवावंच लागत नाही.

हाक

बडोद्यातली प्रेमकथा हाकेत घडते. गुजराती रीतीने निशिथ तिला पहिल्या दिवसापासून ‘मृणालबेन’ म्हणतो, ती त्याला ‘निशिथभाई’. गुजराती कानाला ही साधी अदब आहे. मराठी कानाला त्यात बहीण आणि भाऊ ऐकू येतात. ठाण्याची मृणाल पहिल्यांदा दचकते, मग तिला सवय होते, आणि ज्या दिवशी ती सवय टोचायला लागते त्या दिवशी कथा सुरू होते. त्यातून निशिथ लहानपणापासून आत्याला ‘फोई’ म्हणतो, म्हणजे गुजराती आत्याच. नात्याने दोघंही तिचे भाचे.

‘बेन’ कधी गळून पडतं ते आधी ठरवा आणि ते एकदाच घडू द्या. मी ते हिशेबाच्या प्रसंगात ठेवते. आडव्या रेघांचं सातवं पान उलटताना तो म्हणतो, “मृणाल, हे बघा.” बेन गेलं, ‘बघा’ राहिलं. तिने टायपिंग थांबवल्याचं लिहा आणि पुढच्या नोंदीवर जा. ‘त्याने पहिल्यांदाच तिला नुसत्या नावाने हाक मारली होती’ हे वाक्य लिहायचा मोह होईल, पण लिहू नका. वाचक आठ दिवस मोजत आला आहे, त्याला ऐकू येतं. ‘भाई’ सोडायला तिला आणखी काही दिवस लागू द्यात. ती मराठी आहे, तिच्यासाठी तो शब्द जड आहे.

बडोदेकरांच्या मराठीत गुजराती सहज मिसळलेली असते. ती चवीपुरती ठेवा. आत्याच्या बोलण्यात दर पानाला एखादा शब्द पुरे. आणि निशिथचं मराठी हास्यास्पद करू नका. दुसऱ्याच्या भाषेत चाळीस वर्षं नीट जगलेल्या माणसाचा मान राखला पाहिजे.

शहर पायी फिरा

बडोदा आता लहान गाव राहिलेलं नाही, पण मांडवीपासून लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, सूरसागर आणि दांडिया बाजार हा पट्टा वीसएक मिनिटांत चालून होतो. तिथे दोन माणसं दोनदा एकत्र दिसली की तिसऱ्यांदा त्यांची बातमी होते. कथेपुरतं हेच आपलं लहान गाव. दोघांना या पट्ट्याबाहेर फार नेऊ नका. सूरसागरच्या कठड्याशी उभं राहून खाल्लेली सेव उसळ, घुघरा म्हणायचं की करंजी यावरून आत्याशी झालेला वाद, एवढं पुरतं.

एक प्रसंग मात्र मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात हवाच. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली सावली सरकते. माळ्यावर सापडलेल्या पुस्तकाचा माग काढत दोघं गेलेत, ती खाली, तो वर. त्याची सावली आपल्या डोक्यावर थांबली आहे हे तिला कळतं. हा प्रसंग १७ तारखेच्या आत घ्या, दिवाळीच्या सुट्ट्यांत वाचनालय बंद. अशा चुका बडोद्याचा वाचक लगेच पकडतो.

पाडवा आणि भाऊबीज

बेस्तु वरसाच्या पहाटे गल्लीतून ‘सबरस’ची हाळी येते. सबरस म्हणजे मीठ. वर्षाची पहिली खरेदी म्हणून लोक शकुनाचं मीठ घेतात. त्याच दिवशी मराठी घरात पाडवा, बायकोने नवऱ्याला ओवाळायचा दिवस. आत्याच्या घरात ओवाळणारं कुणी नाही आणि ओवाळून घेणारंही. निशिथ आपल्या घरासाठी मीठ घेतो तसं फोईच्या घरासाठीही, आणि दार मृणाल उघडते. ‘साल मुबारक.’ तो मीठ तिच्या ओंजळीत ओततो. पूर्ण कथेतला पहिला स्पर्श मी इथे ठेवते. चुंबन हवं की नको हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते या दोघांना अर्ध्यावर ओढलेलं शटर आणि ओंजळभर मीठ पुरतं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मृणालचा भाऊ सुरतेहून येतो आणि ओवाळणीच्या ताटात इसारपावती ठेवतो. दुकानाला गिऱ्हाईक मिळालं आहे. तो वाईट माणूस नाही. आत्याला आराम आणि बहिणीला तिचा हिस्सा मिळावा म्हणून त्याने दोन महिने धावपळ केली आहे. अडचण अशी प्रेमातून आलेली असली की सोडवायला खरी कठीण जाते. आणि याच वेळी आत्या स्वयंपाकघरातून सांगते, निशिथ खाली आलाय, दुसरा पाट मांड, त्यालाही ओवाळ. तुम्हा दोघांचा तो भाऊच.

कथेचा कणा हा प्रसंग आहे, तो घाईत उरकू नका. निरांजन तेवतंय, भाऊ पाटावर, शेजारचा पाट रिकामा. निशिथ दारातूनच म्हणतो की कारेलीबागेत त्याची बहीण जेवायची थांबली आहे, आणि जिना उतरतो. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जाणं अगदी रीतीला धरून आहे, त्यामुळे तो टाळून गेला की कबुली देऊन गेला हे मृणालला कळत नाही. पुढचे दोन दिवस ती तेवढ्याच एका प्रश्नावर जगते. आत्याला कळलं का? मी ते न सांगता रात्री तिला दुसरा पाट पुसून ठेवायला लावते, एवढंच.

लिहिण्याचं वेळापत्रक

दिवाळी अंकांचं साहित्य साधारण जून-जुलैपर्यंत मागवलं जातं, म्हणून कथेतला सण चालू असतानाच टिपणं काढा: किती वाजता उजाडतं, फटाक्यांचा वास सकाळी किती वेळ राहतो, कुठली दुकानं खरंच बंद असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पहिला खर्डा, मार्चमध्ये तो बाजूला, एप्रिलमध्ये मोठ्याने वाचून दुसरा. पाठवण्याआधी एकदा फक्त तारखा तपासा आणि एकदा फक्त हाका. ‘बेन’ गळून पडल्यानंतर चुकून पुन्हा आलं असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

आणि शेवटचं प्रकरण आधी लिहा. तेरा दिवस कुठे पोचायचंय हे ठाऊक असलं की मधली प्रकरणं भरकटत नाहीत.

लाभपाचम

प्रेमकथेचा सुखान्त हा वाचकाशी केलेला करार आहे, तो मोडू नका. पण लग्न लावून देण्याचीही गरज नाही. दोघांनी निवड केली हे दिसलं पाहिजे.

२६ तारखेची सकाळ. शटर पूर्ण वर. निशिथने बांधलेला नवा लाल चोपडा, पहिल्या पानावर डावीकडे ‘शुभ’, उजवीकडे ‘लाभ’. इसारपावती भावाला परत केली आहे, आदल्या रात्री, आत्यासमोर. ते संभाषण पूर्ण लिहा, कारण तिथे मृणाल पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागते. पहिली नोंद कोण करणार? आत्या पेन मृणालकडे देते. मृणाल ते निशिथकडे सरकवते. तो मराठी लिहीत नाही, म्हणून गुजरातीत लिहितो आणि तिला वाचून दाखवतो: “जांगड. मृणाल. परत करण्याची तारीख...” आणि ती जागा रिकामी सोडतो. “निशिथ,” ती म्हणते, “शाई वाळू द्या.” तिच्या हाकेतला ‘भाई’ गेला तो इथे.

संध्याकाळी बडोदा स्टेशन. दुकानाची एक किल्ली तिच्या पर्समध्ये आहे, हे प्लॅटफॉर्मवर सांगू नका. ती पाण्याची बाटली काढताना दिसू द्या. मराठी माणूस निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. गुजराती माणूस निरोप देताना ‘आवजो’ म्हणतो, म्हणजे ‘या’. दोन्ही भाषांत निरोपाला येण्याचाच शब्द आहे. त्याचा अर्थ समजावू नका, कंसात भाषांतर देऊ नका. ती दारात उभी राहून “येते” म्हणेल, तो खालून “आवजो” म्हणेल. गाडी हलली की लेखणी खाली ठेवा.